उष्ट्या चहाचं भांडण

दत्तू, काल तुझं तेरावं झालं. मंडपवाला सकाळीच खुर्च्या उचलून गेला, माझी भावजय कुसुम कधी नव्हे ती उशिरापर्यंत झोपलीय, आणि मी तुझ्या पडेगावच्या घराच्या ओट्यावर बसून तुझ्याशी भांडतेय. दुसरं काय करू? आपलं भांडण अर्ध्यावर टाकून गेलास तू. लहानपणीही असाच होतास. हरायला आलास की "आक्का, मला तहान लागली" म्हणून पळायचास. ह्या खेपेला लई लांब पळालास.

इतके दिवस लोक येत होते आणि तुझं चांगलं बोलत होते. दत्तोबा म्हणजे दिलदार माणूस. मनात काही ठेवायचा नाही. शिवी द्यायचा पण जीव लावायचा. मी मोठी बहीण, मान हलवत बसले. पण सगळा वेळ माझे डोळे फाटकाकडं होते. मी रामसूरतची वाट बघत होते. तुझ्याबद्दल त्याच्या मनात जी अढी बसली ती तू असताना निघाली नाही. ती निघावी, तू कसा होतास ते त्याला कळावं, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी पिंडाला कावळा शिवला काय, न शिवला काय, मला त्याचं काही नव्हतं.

तू आधी माझ्यावरच चिडशील. म्हणशील, "त्याचं नाव काढू नको माझ्यासमोर." काढणार. आता कसा अडवतोस बघू.

दौलताबाद रोडला तू शेड टाकलंस आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायला लागलास, तेव्हा रामसूरत आला. उत्तर प्रदेशातल्या देवरियाकडचा. सोबत त्याच्या गावातलीच पाच पोरं. वेल्डिंगला असा हात की जोड कुठं आहे ते शोधावं लागायचं. पण तुमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून जमेना. कामात जमायचं, बोलण्यात जमेना. तो तुला मालिक म्हणायचा आणि हात जोडून उभा राहायचा. तू म्हणायचास, "मालिक उप्पर बैठेला है, मेरेकू दत्तू बोल." तो म्हणायचा, "जी मालिक." तू पाठीत धपका घालायचास, तो हसायचा आणि एक पाऊल मागं सरकायचा. ते पाऊल मला दिसायचं. तुला कधी दिसलं नाही.

माझी सारी नोकरी शाळेत हिंदी शिकवण्यात गेली. पुंडलिकनगरहून तुझ्याकडं आले की तुझी ती हिंदी ऐकून माझ्या डोक्याची शीर उठायची. "काय कू रे, सुनाई नै देता क्या? हौ, वैसाच पकड." अरे, आपल्या गावात रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे असेच बोलतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण त्या माणसाच्या घरी बापही पोराला कधी कधी आप म्हणतो. मी तुला सांगितलं, आप म्हण, निदान त्याच्या पोरांसमोर तरी म्हण. तू काय म्हणालास? "आक्का, अहो-जाहो करून गळा कापणारे लई बघितले मी. मी अरे-तुरे करीन पण गळ्यात हात घालीन."

आणि घालायचास, हे मी नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली पोरं होरपळतात म्हणून घरातला कूलर उचलून शेडवर नेलास, कुसुम आठवडाभर बोलली नाही तुझ्याशी. एका पोराला वेल्डिंगच्या उजेडानं डोळे आले तर त्याचा हात धरून दवाखान्यात बसलास, आणि ट्रॉलीचं गिऱ्हाईक इकडं बोंबलत होतं. नवीन ट्रॉली तयार झाली की पहिली फेरी खुलताबादला, सगळ्यांना मागं बसवून, येताना पेरू. असा मालक मी तरी दुसरा बघितला नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

तो दिवस आठव. दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ट्रॉल्या वेळेत गेल्या होत्या. शेडवर गिऱ्हाईक, त्याचे दोन भाऊ, गावातली चार माणसं, अशी सगळी बसलेली. मी पण होते, फराळाचा डबा घेऊन आले होते. हॉटेलातून चहा आला. तू अर्धा कप प्यालास आणि रामसूरतला हाक मारलीस. तो हात पुसत आला. तू तुझा कप त्याच्यापुढं केलास. "ले मिस्त्री, मेरे कप में से पी. आज तेरा दिन है."

मला ते बरं वाटलं नाही, पण मला कळत होतं तू काय देतोयस ते. मला कळणार नाही तर कुणाला? आपल्या बापाच्या गोठ्यात भिंतीच्या कोनाड्यात कान तुटलेला कप असायचा. सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा. सालदाराला आपण किसनमामा म्हणायचो, आई त्यांना "मामा, भाकरी खाऊन जा" म्हणायची, बोलण्यात कुठं कमी नव्हतं. पण कप वेगळा. चहा वरून ओतायचा. पिऊन झालं की त्यांनी स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. तू एकदा मामांच्या कपातला चहा प्यालास आणि बापानं तुला कडुलिंबाच्या फोकानं फोडलं. अंगावर वळ घेऊन माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "आक्का, माझं घर झालं ना, तर माझ्या घरी कुणाचा कप वेगळा राहणार नाय."

तू शब्द पाळलास. ज्याला आपलं मानलं त्याला स्वतःच्या कपातला अर्धा चहा द्यायचा, हा तुझा नेमच झाला. माझ्या नवऱ्यालाही कधी दिला नाहीस तू. तो पाहुणा, त्याला वेगळा कप, बशीसकट. दत्तूनं अर्धा कप पुढं केला म्हणजे माणूस घरातला झाला, हे तुझ्या सगळ्या दोस्तांना माहीत होतं. रामसूरतला कुणी सांगितलं होतं?

त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला. कपाळाला लावला. सगळ्यांसमोर, त्याच्या पोरांसमोर, शेवटपर्यंत प्याला. मग नळावर जाऊन कप घासून आणला आणि पुन्हा कामाला लागला. तू खूश. मला म्हणालास, "बघितलं? तुझ्या आपपेक्षा हे बरं का नाय?" पण मी त्याला कप घासताना बघितलं होतं. इतका वेळ कुणी कप घासत नाही.

त्यानंतर तो आणखीच अदबीनं वागायला लागला. हाक मारायच्या आत पुढं उभा. जी मालिक, हो जाएगा मालिक. चहाच्या वेळेला मात्र काही ना काही काम निघायचं त्याला. आणि दिवाळी झाल्यावर एके दिवशी हात जोडून म्हणाला, अम्मा बीमार है, सबको गाँव जाना पड़ेगा. तू एक शब्द उलटा बोलला नाहीस. स्टेशनवर पोचवायला गेलास. कुसुमनं चिवडा बांधून दिला, त्याच्या आईला म्हणून तू शाल घेतलीस. गाडी सुटेपर्यंत थांबलास.

गाडी सुटली आणि पुढच्याच स्टेशनावर ते उतरले, हे आपल्याला नंतर कळलं. मधल्या काळात तू त्याच्या आईची तब्येत विचारायला फोन करत होतास, आणि तो "ठीक है मालिक, आपका आशीर्वाद है" म्हणत होता. मग लोखंडवाल्यानं तुला सांगितलं की तुझा मिस्त्री वाळूजकडच्या एका शेडमध्ये ट्रॉल्याच बनवतोय.

तुझा तो चेहरा मी विसरणार नाही. तुझ्या जिभेला हाड नव्हतंच, पण त्या दिवशी एक शिवी निघाली नाही तोंडातून. खाली बसलास आणि म्हणालास, "आईचं नाव घेऊन खोटं बोलला गं. माझ्या तोंडावर थुंकला असता तरी चाललं असतं." मी सांगते, तुझं ते छातीचं दुखणं तिथूनच सुरू झालं. डॉक्टर काही का म्हणेना.

म्हणून मी गेले वाळूजला. तुला न विचारता. विचारलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. रामसूरतनं मला बघितलं आणि आधी तुझी तब्येत विचारली, मग कुसुमची, मग माझ्या गुडघ्यांची. माझ्यासाठी स्टूल पुसलं. मी सरळ विचारलं, काय चुकलं आमचं? तर म्हणे, "नहीं दीदी, कुछ नहीं, मालिक तो देवता आदमी हैं." देवता आदमी! मी म्हटलं, देवता माणसाला सोडून कोण जातं? तो जमिनीकडं बघत राहिला. मी उठले नाही. शेवटी मशीन बंद केलं त्यानं आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या गावात एक बाबूसाहेब होते. त्याचा आजा त्यांच्या दारात राबायचा. बाबूसाहेबांचं खाऊन उरलेलं, पिऊन उरलेलं, त्याच्या पुढं सरकवलं जायचं आणि ते कपाळाला लावून घ्यावं लागायचं. बापानं तेच केलं. "हम इसीलिए गाँव छोड़े थे दीदी. इतनी दूर आए कि किसी का जूठा न लेना पड़े. और मालिक सबके सामने जूठा दिए. हमारे लड़के देख रहे थे."

दत्तू, तुम्ही दोघंही एकाच गोष्टीपासून पळत होतात रे. तू कोनाड्यातल्या कपापासून आणि तो बाबूसाहेबाच्या उरलेल्या घोटापासून. आणि पळत पळत एकमेकांवर येऊन आपटलात. मी त्याला किसनमामांची गोष्ट सांगायला हवी होती असं तू म्हणशील. नाही सांगितली, आणि मुद्दाम नाही सांगितली. ती सांगायचं काम तुझं होतं. माझा तेव्हाही तोच आग्रह होता आणि आजही तोच आहे.

तुला येऊन सगळं सांगितलं, तर आधी तू हसलास. मग जो भडकलास!

"मला बाबूसाहेब म्हणला त्यो? मला?"

"तसं नाही म्हणाला."

"म्हणलाच की! माझा उष्टा चहा त्याला शिवी वाटला. सख्ख्या मेव्हण्याला दिला नाय कधी मी."

"मग जा आणि हेच सांग त्याला. किसनमामांचं सांग. चुकलं म्हण."

"काय चुकलं? मान दिला हे चुकलं? आणि मान असा समजावून द्यायचा असतो व्हय? त्यानं यावं, माझ्या शेडवर, सगळ्यांसमोर. दोन शिव्या घालाव्या मला. दत्तू, तू असा, तू तसा. मग मी त्याचे पाय धरतो. पण आधी तोंडानं बोलावं माणसानं. जी जी करून पाठीमागून निघून जायचं, ही कुठली रीत?"

"तोंडावर बोल म्हणणं सोपं असतं दत्तू, ज्याचं शेड त्याला. परमुलखातला माणूस, पाच पोरांची भाकर त्याच्या गळ्यात. तो तुला शिवी देईल? ते जी जी म्हणजे त्याचं चिलखत आहे."

"भीड भिकेची बहीण," तू म्हणालास. बापाची म्हण. बापासारखाच टेबलावर हात आपटून.

मी म्हटलं, "भीड त्याला नाही, तुला आहे. चुकलं म्हणायची भीड." तू उठलास आणि म्हणालास, "आक्का, तू शाळेत शिकव. मला शिकवू नको." मी पर्स उचलली आणि रिक्षा धरली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, "जेवलीस का?" म्हणून. मी "हो" म्हटलं. बस. आपल्यात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही, आणि मग कुसुमचा पहाटेचा फोन आला.

तू जाणार होतास का रे त्याच्याकडं? हे मला कुसुमनंही सांगता आलं नाही. एकदा गाडीची चावी घेऊन वाळूजला जातो म्हणालास आणि वाटेतल्या छावणीतून पेरू घेऊन परत आलास, एवढंच तिला आठवतं. तू अर्ध्या रस्त्यातून फिरलास का पेरूसाठीच गेला होतास, देव जाणे. मी माझ्या मनाला सांगते की तू निघाला होतास. पण मला खात्री नाही, आणि खोटं मी तुझ्यासाठीही बोलणार नाही.

काल तो आला. शेवटची पंगत उठायच्या वेळेला. एकटाच, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. खाली मान घालून जेवला, ताटात काही टाकलं नाही. तुझ्या फोटोला हात जोडले. मग ओट्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला, निरोप घ्यायला. ओट्यावर आपले चुलते होते, कुसुम होती, तुझे दोन दोस्त होते. मी म्हटलं, रामसूरत, थांबा. आणि सगळ्यांसमोर त्याला हिंदीतून सांगितलं सगळं. गोठा, कोनाडा, कान तुटलेला कप, बापाचा फोक, तुझ्या पाठीवरचे वळ. मेव्हण्यालाही न दिलेला अर्धा कप. सांगता सांगता मला रडू फुटलं. कुसुमनं तर तोंडात पदरच कोंबला, तिलाही तू किसनमामांचं कधी सांगितलं नव्हतंस. तुझं काम मी केलं, दत्तू, आणि मला ते आवडलं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले होते त्याचे. मग हात जोडले आणि म्हणाला, "जी दीदी."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "जी नको आता. तुमचं जी ऐकून माझा भाऊ गेला. पटलं का नाही पटलं? मनातलं निघालं का नाही निघालं? नाही निघालं तर नाही म्हणा. इथं तुम्हाला कुणी काही करणार नाही."

चुलते म्हणाले, "अगं, तेराव्याच्या दिवशी काय हे? जाऊ दे त्याला." मी म्हटलं, तुम्ही मधी पडू नका काका.

कुसुम माझा हात दाबत होती, बस करा म्हणून. मला वाटलं, गेला रामसूरत, आता पाया पडेल आणि चालायला लागेल. पण त्यानं मान वर केली. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे सरळ बघितले.

"नहीं दीदी," तो म्हणाला. "नहीं निकला."

"मालिक का मन साफ था, यह हम समझ गए. आज समझ गए. लेकिन जो लगा था वह लगा है. मन साफ था तो एक बार हमसे पूछ लेते."

मी विचारलं, "विचारलं असतं तर काय म्हणाला असता तुम्ही?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, बोलायचं म्हणून बोलला नाही. "तब भी जी ही कहते," तो म्हणाला. "पर पूछते रहते, तो किसी दिन ना भी कहते."

काका ताडकन उठले. "मेलेल्या माणसाच्या दारात येऊन असं बोलतोस?" म्हणाले. रामसूरतचा चेहरा पांढरा पडला, पण तो मागं सरकला नाही. मी काकांना म्हटलं, बसा खाली. दत्तूला हेच पाहिजे होतं. सगळ्यांसमोर, तोंडावर. काका बसले, पण धुसफुसत होते.

तर हे असं झालं, दत्तू. तुला माफी मिळाली नाही. मी त्यासाठीच त्याला थांबवलं होतं आणि मला ती मिळवता आली नाही. पण ज्या माणसानं तुझ्या शेडमध्ये कधी नाही म्हटलं नाही, तो तुझ्या दारात, तुझ्या भावकीसमोर उभा राहून नाही म्हणाला. रात्रभर मला झोप नाही. एकदा राग येतो त्याचा, एकदा वाटतं जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, आणि मग वाटतं, थांब, आधी विचारावं, चालेल का म्हणून.

तू ऐकायला असतास तर आधी लालबुंद झाला असतास. मग त्याला तुझ्याच तोंडानं सांगितलं असतंस की मिस्त्री, माझं चुकलं. मला खात्री आहे. ह्या बाबतीत आहे. त्यासाठी त्यानं बोलायला पाहिजे होतं, आणि काल तो बोलला. तुझी पाळी आली, दत्तू, आणि तू नाहीस.